मोडेमवरचा रुमाल

बंगळूर,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, या आठवड्यात तुमचा तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा प्रश्न एकच, "त्या दोन डब्यांपैकी आधी कुठला चालू करायचा?" मी सांगते, तुम्ही "हो, हो" म्हणता आणि मागून आईचा आवाज येतो, "त्यांना काही कळलेलं नाही." म्हणून लिहूनच पाठवतेय. टीव्हीखालच्या खणात ठेवा. लाइट बिलांच्या फायलीत नको, तिथे गेलेला कागद पुन्हा कुणाला दिसत नाही.

पण आधी त्या रात्रीचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, मी नवा राउटर, म्हणजे घरभर वायफाय वाटणारा डबा, लावायला बसले होते ती रात्र. मोडेमपासून, म्हणजे केबलवाल्याची लाइन घेणाऱ्या डब्यापासून, राउटरपर्यंत वायर बरोबर लावली होती, मोडेमचे दिवे लागलेले होते, फोनवर वायफायचं नावही दिसत होतं. नेट मात्र नाही. वायर काढून तुमच्या जुन्या कॉम्प्युटरला लावली की नेट लगेच सुरू. परत राउटरला लावली की बंद. राउटरच्या स्क्रीनवर बाहेरच्या पत्त्याच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्या नंबराच्या, जागी नुसतं ०.०.०.०. खुर्चीत बसून बघत होतात तुम्ही. म्हणालात, "लाइन तर येतेय. मग एक्स्चेंज तुझं इन्स्ट्रुमेंट ओळखत नसेल." आणि मी फटकन म्हणाले, "बाबा, हे तुमचं टेलिफोन एक्स्चेंज नाहीये." तुम्ही काही न बोलता झोपायला गेलात.

रात्री साडेबाराला जे सापडलं ते तुम्ही म्हणालात तेच होतं. मोडेम राउटरला ओळखत नव्हता.

कसं, ते सांगते. नेटला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रावर कारखान्यातच एक बारा अक्षरी क्रमांक कोरलेला असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. आपल्या राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवरही तो आहे. बरेच केबल मोडेम चालू झाल्यावर जे पहिलं यंत्र दिसेल त्याचा हा क्रमांक लक्षात ठेवतात, मग दुसऱ्या कुणाला दारात उभं करत नाहीत. गेली कित्येक वर्षं त्याने फक्त तुमचा कॉम्प्युटर पाहिला होता. त्याला तो विसरायला लावायचं तर एकच उपाय, मोडेमची पॉवर काढायची. मी पिन काढली, दोन मिनिटं थांबले, परत लावली. ऑनलाइनचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर चालू केला आणि त्या शून्यांच्या जागी खरा पत्ता आला. (काही केबलवाले हा क्रमांक आपल्या ऑफिसातही नोंदवून ठेवतात. तिथे फोन करावा लागतो, नाहीतर राउटरला जुन्या कॉम्प्युटरचा क्रमांक उसना द्यावा लागतो. आपल्याकडे तेवढी वेळ आली नाही.) तेव्हा तुम्हाला उठवून सांगायला हवं होतं. सकाळी सांगू म्हटलं, आणि सकाळी मी बस पकडायच्या गडबडीत होते.

तर आता क्रम. वीज गेली आणि आली, किंवा नेट रुसलं, की दोन्ही डबे बंद करा. आधी मोडेम लावा, म्हणजे ज्याला भिंतीतून येणारी जाडी काळी केबल पेचाने बसवली आहे तो. त्यावरचे दिवे लुकलुकतील, कारण तो केबलवाल्याकडच्या यंत्राशी आपली फ्रिक्वेन्सी जुळवत असतो. ऑनलाइनचा दिवा लुकलुकायचा थांबला की मग राउटर. राउटरला मागे चार पिवळी भोकं आणि एक निळं आहे. मोडेमची वायर निळ्यातच. आई, तू झाडताना ती निघाली तर कुठल्याही भोकात बसेल, टक्‌ आवाजही करेल, पण पिवळ्यात गेली तर नेट येणार नाही. आणि त्या बारीक छिद्रात पिन खुपसू नका. त्याने राउटर बंद-चालू होत नाही, मी घातलेलं सगळं पुसून तो दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो.

आता बाबा, तुमचा खरा प्रश्न. "चाललं होतं की, मग हा दुसरा डबा कशाला?" तुमचा कॉम्प्युटर सरळ मोडेमला जोडलेला होता, म्हणजे थेट रस्त्यावर उघडणारं दार. त्यात विंडोज ७. त्याची दुरुस्ती कंपनीने १४ जानेवारी २०२० ला थांबवली, तेव्हापासून त्यात सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. राउटर म्हणजे तुमच्या ऑफिसातला ईपीएबीएक्स, ते आतलं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, समजा. बाहेर नंबर एकच, आत एक्स्टेन्शनं अनेक. आतले पत्ते १९२.१६८ ने सुरू होतात. हे क्रमांक १९९० च्या दशकातच खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले, कारण जगभरचे मिळून पत्ते ४२९ कोटीच, ते किती जणांना पुरणार? आईच्या फोनने बाहेर काही मागितलं की राउटर वहीत टिपून ठेवतो, अमुक एक्स्टेन्शनने तमुक नंबर लावला. उत्तर आलं की वही बघून आईच्याच फोनला जोडून देतो. पण आतून कोणी न लावता बाहेरून कोणी दार ठोठावलं, तर वहीत नाव नाही, कॉल तिथेच तुटतो. फायरवॉल फायरवॉल म्हणतात ती मुख्यतः ही वही.

यातच तिची मर्यादाही आली. तुम्ही स्वतःच बाहेर नंबर लावलात तर ऑपरेटर तो जोडूनच देणार. "आज रात्री ९ वाजता तुमची वीज कापली जाईल, खालच्या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला होता ना? असल्या मेसेजला हा डबा काहीही करू शकत नाही. तिथे फोन करायचा नाही, लिंक दाबायची नाही, कोणी सांगितलं म्हणून ॲप घ्यायचं नाही. चुकून पैसे गेलेच तर आधी १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर लावायचा, मला नंतर. मी ओरडणार नाही.

बाकी मी काय केलं ते थोडक्यात. राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड बदलला. तो कारखान्यातून ॲडमिन-ॲडमिन असा येतो आणि लोक तसाच ठेवतात. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असल्या साठेक ठरावीक पासवर्डांची यादी घेऊन जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. फार हुशारीही लागली नाही. बटण दाबून वायफायला जोडायची सोय आणि बाहेरून राउटर उघडायची सोय, दोन्ही बंद केल्या. शेजारच्या मुलांसाठी पाहुण्यांचं वायफाय वेगळं केलंय, त्याचा पासवर्ड खुशाल सांगा. आपला नाही. आपला आईच्या मसाल्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

आई, आता तुझ्यासाठी. तू मोडेमवर क्रोशाचा रुमाल घातला आहेस. छान दिसतो, पण तो काढ. डब्याच्या अंगावर ज्या फटी आहेत त्यातून त्याची ऊब बाहेर जाते. मी हात लावला तेव्हा इडलीपात्रासारखा तापला होता. राउटरही लोखंडी कपाटामागे ढकलू नकोस, लाटा तिथेच अडतात आणि मग स्वयंपाकघरात तुझ्या भजनी मंडळाचे चेहरे थिजतात. दिसायला वाईट दिसला तरी शोकेसच्या वरच राहू दे.

एक काम राहिलंय. टीव्हीमागे केबल जिथे दोन वाटांनी फुटते ते स्प्लिटर जुनं आहे. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला सिग्नलचे साडेतीन डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास वाया जातात, हे बाबा, तुम्हाला मी काय सांगणार. पण गच्चीवरून येणारा जॉइंट मला जास्त वाईट वाटला. केबलवाल्याच्या पोराने तो नुसत्या काळ्या टेपने गुंडाळलाय, पावसाचं पाणी आत उतरत असणार. पाऊस झाला की नेट जातं असं आई म्हणते, ते बहुतेक त्यामुळेच. दिवाळीला येते तेव्हा आपण दोघं गच्चीवर जाऊ. तुमची हत्यारांची पेटी माळ्यावर आहे ना अजून? ती खाली काढून ठेवा. तुम्ही स्टुलावर चढू नका, मी आल्यावर चढेन.

तुमची,
छोटी

ता. क. : रुमाल काढल्याचा फोटो पाठव, आई.