पहिल्या वर्षाची लॉगशीट

संपादक महोदय,

मी एकतीस वर्षं एसटी चालवली. धाकटी मुलगी यंदा एका सरकारी रुग्णालयात एमडी मेडिसिनच्या पहिल्या वर्षाला लागली, त्यांच्या भाषेत 'जेआर-वन', म्हणजे शिकता-शिकता वॉर्डात काम करणारी पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर. गल्लीभर पेढे वाटले. तेव्हा पहिलं वर्ष म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मागच्या महिन्यात डबा घेऊन गेलो. दुपारी तीनला ती वॉर्डाबाहेर आली. एप्रनच्या खिशात रक्ताच्या बाटल्या, तळहातावर बॉलपेननं लिहिलेलं, 'बेड 14 सोनोग्राफी, 22 रक्त'. आदल्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात शिरलेली, इमर्जन्सीचा दिवस, त्यामुळे पाठ टेकली नव्हती. जिन्याच्या पायरीवर बसून भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला. डोळा लागला होता. मी उठवलं नाही. चार-पाच मिनिटांत फोन वाजला अन् ती पळाली. नमुने लॅबला पोचवा, रिपोर्ट आणा, वेळेला ट्रॉली ढकला, सगळं पहिल्या वर्षाच्या गळ्यात. सीनियर म्हणतात, आम्हीही सोसलंय. (हे वाक्य आमच्या डेपोतही फार चालायचं.)

आम्हा चालकांसाठी 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा होता. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48. लांब पल्ल्याला थोडी सूट. चालकाला डुलकी लागली तर काय होतं ते सगळ्यांना कळतं म्हणून. निवासी डॉक्टरांसाठी केंद्रानं 5 जून 1992 ला पत्र काढलं, त्यातही सलग 12 तास आणि आठवड्याला साधारण 48. आकडा तोच! 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला 74 तासांच्या वर नको, असं सुचवलं. मुलीला वाचून दाखवलं तर हसली. "अप्पा, 74 तर शुक्रवारी दुपारीच संपतात."

माझी गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, हे लॉगशीटवर असायचं. पोरीच्या हजेरीत नुसतं 'हजर'. नवा नियम नको. वॉर्डात आल्याची आणि सुटल्याची वेळ लिहायला एक रजिस्टर ठेवा, आणि दर महिन्याला ते रुग्णालयाबाहेरच्या कुणीतरी तपासावं.

मुलीची अजून दोन वर्षं तिथंच जायची आहेत. तेव्हा नाव-गाव छापू नये, ही विनंती.

— एक निवृत्त एसटी चालक