जोकर नव्हे, सोंगाड्या

संपादक महोदय,

रविवार पुरवणीत ‘सेंड इन द क्लाउन्स’ या गाण्याची ओळख ‘सर्कशीतल्या जोकरचं दर्दभरं गीत’ अशी छापली आहे. गाण्यात सर्कस कुठेच नाही. ‘अ लिटल नाइट म्युझिक’ (१९७३) या ब्रॉडवेच्या संगीतिकेत ते डिझिरे ही नटी म्हणते. जुना प्रियकर तरुण बायकोला सोडायला तयार नाही, हे तिला नुकतंच कळलंय. तिची भाषा नाटकवाल्यांची आहे: प्रयोग पडायला लागला, आता विनोदी पात्रं आत सोडा. संगीतकार-गीतकार स्टीफन सोंडहाइम यांनीच हा खुलासा केला होता. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, सोंगाड्या.

हे गाणं तालमी सुरू असताना लिहिलं गेलं, डिझिरेची भूमिका करणाऱ्या ग्लिनिस जॉन्सचा गळा समोर ठेवून. आवाज घोगरा, गोड. पण सूर लांबवणं जमत नसे. म्हणून ओळी तुटक, पुष्कळशा प्रश्नार्थक. पहिलीच ओळ ‘इझन्ट इट रिच?’ ही ‘रिच’वर संपते, ‘च’ आला की सूर आपोआप तुटतो. हौशी गायिका नेमकं तिथेच ‘रि’ ताणतात आणि प्रश्नातली बोच जाते.

तालाचीही गोम आहे. चार ठोके, प्रत्येकी तीन मात्रा, अशा बाराच्या मापात मधूनच नऊ मात्रांचं माप येतं. कीबोर्डवर तयार रिदम लावला की ठोका जुळतो, पण सम हुकते. रिदम बंद ठेवावा आणि साथीदाराने गायिकेच्या श्वासावर नजर ठेवावी.

असं गाणं रेडिओवर चालेल असं कुणाला वाटलं असतं? गायक फ्रँक सिनात्राने ते १९७३ मध्येच गायलं, पण गाजवलं गायिका जूडी कॉलिन्सने, १९७५ मध्ये. संयोजन जॉनाथन ट्युनिक यांचं. मूळ नाटकाचंही त्यांचंच. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ब्रिटनमध्ये ते सहाव्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत छत्तिसाव्या. १९७६ मध्ये ‘साँग ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. १९७७ मध्ये तीच तबकडी पुन्हा वर आली आणि अमेरिकेत १९व्या क्रमांकापर्यंत पोहोचली. नाटक न पाहिलेल्यांना मात्र संदर्भ लागेना. १९८५ मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँडसाठी सोंडहाइमनी काही ओळी नव्याने लिहून दिल्या.

पुरवणीतल्या भावानुवादात शेवटच्या कडव्याआधीची ओळ गाळली आहे, ती घ्यायला हवी होती. सोंगाड्यांना बोलवायची गरज उरलेली नाही, ते इथेच आहेत, असं डिझिरे तिथे म्हणते. ती स्वतःबद्दल आणि समोरच्या प्रियकराबद्दल बोलते आहे.

– एक वाचक, पुणे