हेपरिनवाल्या सिस्टरना मनापासून थँक्यू

सिस्टर, तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही, पण तुमच्यापर्यंत हे पोचावं म्हणून उघडच लिहितेय.

आधी दोनदा बाळ लवकर गेलं आणि मग पाचव्या महिन्यात, सोनोग्राफीत सगळं नॉर्मल दिसत असताना. घरात कुणी उष्णता म्हणे, कुणी पत्रिका. ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, बीटा टू ग्लायकोप्रोटीन अशा टेस्ट झाल्या, त्याही १२ आठवड्यांनी परत, कारण इन्फेक्शनमध्ये त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह येऊ शकतात, तेव्हा कुठे एपीएस, म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, नक्की झालं. डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं हो, पण माझ्या डोक्यात काही शिरतच नव्हतं. तुम्ही बाहेर बाकावर बसवून सांगितलंत की शरीरच चुकीच्या अँटीबॉडी बनवतं, त्यानं रक्त लवकर गोठतं, वार (प्लॅसेंटा) नीट रुजत नाही, बाळाला रक्त कमी पडतं, आणि यात तू काय खाल्लंस, काय उचललंस याचा काही संबंध नाही. हे तुम्ही सासूबाईंसमोर मुद्दाम मोठ्यानं बोललात, ते मी कधीच विसरणार नाही. हा आजार १९८३ मध्ये लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी नीट मांडला, म्हणजे त्याआधीच्या किती बायकांनी नुसते टोमणेच ऐकले असतील, विचार करून पोटात कालवतं.

मग दिवस राहिल्यावर ती रोजची हेपरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची, ४० एमजीची सुई. ह्यांचा हात थरथरत होता, तुम्ही तो धरून शिकवलंत, बेंबीपासून दोन इंच लांब, कातडीची घडी धरायची, सिरिंजमधला बुडबुडा काढायचा नाही, नंतर चोळायचं नाही, आज डावीकडे तर उद्या उजवीकडे. पोट निळंजांभळं झालं तरी घाबरू नको म्हणालात, हेपरिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हेही तुमच्याचकडून कळलं. पण डोकं खूप दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली किंवा एका पायाची पोटरी सुजली तर फोन न करता थेट ये, हेही तितक्याच कडक शब्दांत.

आणखी एक. रांगेतली एक ताई, दिवसच राहत नव्हते म्हणून, मला पण हेच इंजेक्शन द्या म्हणत होती, तुम्ही शांतपणे सांगितलंत की नुसतं दिवस राहत नाहीत म्हणून हे नसतं, रिपोर्टमध्ये काही नसताना उगाच रक्त पातळ करायचं नाही, डॉक्टरांशी बोल. तिचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचले असणार. असं सरळ सांगणारी माणसं फार हवीत.

डिलिव्हरीच्या आधी डोस कधी थांबवायचा ते तुम्ही ह्यांना लिहून दिलेलं, नंतरचे ६ आठवडे सुया चालू ठेवायच्या तेही, कारण गुठळीची भीती बाळंतपणानंतर जास्त. मी कंटाळले होते, तुमच्या धाकानं पूर्ण केल्या.

मुलगी आता रांगते. तिला घेऊन ओपीडीत यायचंय, सासूबाई पण येणार म्हणतायत, तुमची सकाळची ड्युटी कोणत्या आठवड्यात आहे तेवढं कळवा.