विषय: उजव्या शॉकअपच्या खोक्यात डावा शॉकअप, आणि वरून "मधला नट सैल करा" हा जीवघेणा सल्ला

ग्राहक तक्रार विभागाच्या प्रमुखांना,

तुमच्या कस्टमर केअरला केलेला सहावा कॉल आत्ताच संपला, म्हणजे समोरून कट झाला, म्हणून आता लेखी पाठवतोय. फोनवर परत काही सांगणार नाही.

गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलायचे होते, एकातून तेल गळत होतं आणि बदलायचे तर जोडीनेच, म्हणून तुमची तयार स्ट्रट असेंब्ली, म्हणजे स्प्रिंगसकट जोडून आलेला शॉकअप, मागवली, एक डावी एक उजवी. सुट्टे शॉकअप स्वस्त पडले असते. तरी जास्त पैसे देऊन असेंब्ली घेतली ती एकाच कारणासाठी, की स्प्रिंग, टॉप माउंट (वर गाडीच्या बॉडीला धरणारा भाग), बेअरिंग सगळं कंपनीतून बसवून येतं आणि घरी स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरायचं हत्यार, लावायची वेळ येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन खोके आले, एकावर एल एकावर आर. डावी बाजू आधी केली, ती व्यवस्थित बसली, ते मी नाकारत नाही. वरचे तिन्ही स्टड भोकांतून सरळ आले, खाली नकलचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचे, दोन्ही बोल्ट हाताने आत गेले. मग उजवीकडे आलो, चाकाचा कोन ठरवणाऱ्या कॅम बोल्टवर रंगाने खूण केली, स्टेबिलायझर लिंक सोडली, ब्रेक होज आणि एबीएसची वायर ब्रॅकेटमधून मोकळी केली, जुना स्ट्रट उतरवला, नवा वर धरला, आणि होजचा ब्रॅकेट मागे पाहिजे तो पुढे! आधी वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून उतरवून टॉर्च मारून बघितलं. ट्यूबवर ठोकलेला नंबर एलने संपतो आणि त्याच्यावर दोन बोटं अंतरावर तुमचं स्टिकर, आर. म्हणजे दोन्ही डावेच आहेत, एकावर फक्त चिकटवलेलं अक्षर वेगळं. पॅक करताना ती दोन बोटं कुणी नजर खाली नेली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पहिल्या कॉलला सांगितलं, "सर, फिरवून बसवा." फिरवला तर नकलला धरणारा खालचा भाग इंजिनकडे तोंड करतो, तो नकलला लागणार कसा? डावा-उजवा एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतात, फिरवून एकाचा दुसरा होत नाही. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे हाच स्प्रिंग-शॉकअप एकत्र असलेला प्रकार, काही काल आलेला नाही, 1950 च्या फोर्ड कॉन्सलमध्येसुद्धा होता, आणि तुम्ही तर रोज हेच बनवता. दुसऱ्या कॉलला म्हणाले होज केबल टायने बांधून टाका. ब्रेकचा होज! स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर तो टायरला घासणार नाही याची जबाबदारी कोण घेणार, असं विचारलं तर तिकडे शांतता. तिसऱ्या आणि चौथ्या कॉलला नुसती तक्रार नोंदवून घेतली, दोन्ही वेळा पहिल्यापासून सगळं सांगायला लावून.

आणि आता पाचवा कॉल, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. तो जसाच्या तसा लिहितो, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, लावून ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, "सर, वरचा मधला नट थोडा सैल करा, मग टॉप माउंट फिरतो, तो फिरवून ॲडजस्ट करून घ्या."

मी विचारलं, मधला म्हणजे पिस्टन रॉडचा?

"हो सर, तोच."

मी म्हटलं, अहो स्प्रिंग दाबलेली आहे, कॉम्प्रेसर लावलेला नाही, तो नट निघाला तर काय होईल माहितीये का? त्यांनी होल्डवर टाकलं. चार मिनिटं ट्यून ऐकत गॅरेजच्या फरशीवर बसलो होतो, समोर तो स्ट्रट आडवा. परत आले आणि म्हणाले, "सिनियरना विचारलं सर, जरासा सैल केला तर काही होत नाही." मग मी तुमच्याच खोक्यातला कागद उचलला आणि लाल अक्षरातली ओळ वाचून दाखवली, मधला नट कोणत्याही परिस्थितीत सोडू नका. उत्तर काय आलं? "ती जनरल वॉर्निंग असते सर, सगळ्यांसाठी." आणि वर, "तुम्ही मेकॅनिक आहात का? नाही ना? मग हे काम घरी करायचंच कशाला?"

मी गप्प झालो हो. हात थरथरत होते रागाने. कारण तो नट त्या दाबलेल्या स्प्रिंगला धरून असतो, तो सुटला की माउंट आणि स्प्रिंग उडते आणि समोर ज्याचं तोंड असेल त्याचं काही खरं नाही. मला हे माहीत होतं म्हणून मी पाना लावला नाही. ज्याला माहीत नाही आणि जो तुमच्यावर विश्वास ठेवून लावेल त्याचं काय? आणि मी असेंब्ली घेतलीच होती त्या नटाला हात लागू नये म्हणून! जास्त पैसे त्याचेच दिले होते! घरी करायचं नसतं तर तुमच्या साइटवर "घरच्या घरी बसवा" असा व्हिडिओ कशाला टाकलाय?

सहाव्या कॉलला कळलं की रिटर्न नाकारलाय, "पार्ट बसवलेला आहे" म्हणून. पुरावा काय, तर मी पाठवलेल्या फोटोत गाडी स्टँडवर दिसते. अहो तो बसतच नाही हीच तर तक्रार आहे. मी सुपरवायझर मागितला, फोन कट.

अकरा दिवस गाडी स्टँडवर होती. शेवटी उजवीकडे जुना गळका शॉकअप परत चढवला, आणि एका बाजूला नवा कडक दुसऱ्या बाजूला मेलेला असं चालवायचं नाही म्हणून डावीकडचा बसलेला नवासुद्धा उतरवून जुना लावला. सगळं काम दोनदा, आणि ते परत तिसऱ्यांदा करायचंय, व्हील अलाइनमेंट त्यानंतरच. मागचे शॉकअप तुमचेच आहेत, चांगले चाललेत, म्हणून तर पुढेही तुमचेच घेतले, त्याचं जास्त वाईट वाटतं.

मला उजवी असेंब्ली पाहिजे, ट्यूबवरचा नंबर कुणीतरी डोळ्यांनी वाचून पाठवलेली, आणि हा चुकीचा डावा तुमच्या खर्चाने घेऊन जा. सात दिवसांत झालं नाही तर ग्राहक न्यायालयात जाणार, फोटो, तो कागद आणि सगळ्या कॉलच्या वेळा लिहून ठेवल्यात.

पण त्याआधी, आजच, मधल्या नटाबद्दल तुमची माणसं काय सांगतात ते थांबवा आणि थांबवल्याचं मला लेखी कळवा. असेंब्ली दोन दिवस उशिरा आली तरी चालेल, हे नाही चालणार.

— तुमचा ग्राहक