ऑर्लँडोतली हरळी

प्रिय पक्या,

परवा फोनवर तू घाईघाईत विचारलंस की डिसेंबरात पोरांना घेऊन डिस्ने वर्ल्डला येतोय, तिथे गोल्फचा एखादा राऊंड मारता येईल का, आणि वहिनी चिडणार नाहीत असं कसं जमवायचं. मी "सावकाश सांगतो" म्हणून ठेवून दिला, कारण दोन वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतंच. आम्ही जूनच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन आलो, आई-आण्णा पण होते, आणि तिथल्या एका सकाळबद्दल मी अजून कुणाला नीट सांगितलेलं नाही. म्हणून आज रविवारी सगळे झोपलेले असताना लिहायला बसलोय, लांबेल, चहा घेऊन वाच.

आधी माझी चूक सांगतो म्हणजे तू ती करणार नाहीस. नेवार्कहून आम्ही शनिवारी पोचलो, आणि सोमवारी मी डिस्नेच्याच पाम या गोल्फ कोर्सवर दुपारचा अडीचचा टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घेतला. दुपारी उशिरा स्वस्त पडतं आणि घरचे तेव्हा हॉटेलवर झोपतील असा माझा हिशोब. पण जूनमध्ये फ्लोरिडात दुपारी काय होतं ते मी विचारातच घेतलं नव्हतं. एका बाजूने अटलांटिकचा वारा, दुसऱ्या बाजूने मेक्सिकोच्या गल्फचा, आणि दोन्ही येऊन मध्यावर ऑर्लँडोच्या आसपास धडकतात, की झाले ढग उभे. अठरापैकी सातव्या होलवर होतो तेव्हा भोंगा वाजला. विजा. सगळे आत. दीड तास आम्ही क्लबहाउसच्या पडवीत बसून पाऊस बघत होतो, आणि तेव्हाच मी उठून परत जायला हवं होतं, पण पैसे भरलेत, उरलेले होल्स टाकायचे कसे, म्हणून थांबलो आणि खेळलो. संपेपर्यंत साडेआठ. घरचे ज्या पार्कात होते ते मॅजिक किंगडम तिथून जवळच आहे, पळत गेलो, पण आतिशबाजीच्या आधी तिथल्या मेन स्ट्रीटवर माणसाला माणूस चिकटलेला असतो, मी गेटाजवळच्या रेल्वे स्टेशनपाशीच अडकलो आणि तिथूनच सगळं बघितलं. सईने माझ्यासाठी फुटपाथच्या कडेला जागा धरून ठेवली होती, माझी टोपी तिथे ठेवून, दीड तास ती कुणाला बसू देत नव्हती. नंतर भेटल्यावर काही बोलली नाही. टोपी माझ्या हातात दिली आणि आजीचा हात धरून पुढे चालायला लागली. बारा वर्षांची आहे रे, आता रडत नाही ती, आणि तेच जास्त लागलं.

त्या रात्री मेघाशी बोललो. ती म्हणाली, खेळू नको असं मी कधीच म्हणत नाही, पण आम्ही जागे असतो तेव्हाचा वेळ आमचा. एवढंच. मग मी सगळं सकाळवर टाकलं. जूनमध्ये तिथे साडेसहाला उजाडतं, पार्क साधारण नऊला उघडतं (रिसॉर्टमध्ये राहणाऱ्यांना अर्धा तास आधी सोडतात), आणि आपली मंडळी सुट्टीत साडेआठच्या आत काही आवरत नाहीत, तुझ्या घरीही तेच असणार.

तर बुधवारी ओक ट्रेल. हा नऊ होल्सचा छोटा कोर्स आहे, पार ३६, म्हणजे चांगल्या खेळाडूने ३६ फटक्यांत संपवावा असा, तीन हजार यार्डांना जरा कमी, मॅग्नोलिया या मोठ्या कोर्सच्या अंगाखांद्यावरच वसलेला, आणि चालतच खेळायचा, बॅगेची ट्रॉली आपण ओढायची. पोरांसाठी आणि नवशिक्यांसाठी म्हणून ओळखला जातो पण ग्रीन्स (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) छोट्या आहेत, हलक्यात घेऊ नको. सईला घेतलं बरोबर, ती उन्हाळ्यात आमच्या इथल्या सरावाच्या रेंजवर शिकतेय. आणि आण्णा पहाटे साडेचारला उठून बसलेलेच होते, गावची सवय, हॉटेलच्या बाल्कनीत एकटेच. मी म्हटलं चला की आण्णा, नुसतं चालायला. आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं मी, नुसता चालणारा माणूस चालेल का, ते हो म्हणाले होते.

आण्णांना तू ओळखतोस. दोन महिने न्यू जर्सीत आमच्या एडिसनच्या घरात होते, कधी तक्रार नाही, पण हाताला काम नाही म्हणून आतून कोमेजत चालले होते ते मला दिसत होतं. पार्कमध्येसुद्धा सगळं बघायचे, छान आहे म्हणायचे, आणि मग एखाद्या झाडाच्या सावलीत पिशव्या सांभाळत बसायचे.

पहिल्या टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, मी ड्राइव्ह, पहिला लांब फटका, मारला, बॉल फेअरवेवर, मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, आम्ही चालत गेलो. दुसरा शॉट मारल्यावर गवताचा जो तुकडा निघाला, डिव्हट, तो आण्णांनी उचलला. उलटा केला. बोटांनी मुळाची माती झाडली, एक धागा ओढून लांब केला, त्याची पेरं अंगठ्याच्या नखाने मोजल्यासारखी दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आरं, ही तर हरळी!"

पक्या, मी एवढी वर्षं गोल्फ खेळतोय, बर्म्युडा ग्रास बर्म्युडा ग्रास ऐकतोय, आमच्या न्यू जर्सीत ग्रीन्सवर बेंटग्रास असतं आणि दक्षिणेत बर्म्युडा एवढं मला माहीत होतं, पण बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला एकवीस वाहतो ती दूर्वा, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. खोलीवर जाऊन शोधलं, खरंच तेच, शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ग्रीनवर तिचे बारीक पानाचे संकर लावतात, फेअरवेला जरा जाड. आणि आण्णांनी आख्खं आयुष्य कोरेगावच्या रानात ती उपटण्यात घालवलं. तुला आठवतं का, आपण दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा उसाच्या बांधावर तुला पण कुदळ दिली होती त्यांनी, आणि सांगितलं होतं की एक पेर जरी मातीत राहिलं तरी म्हातारी परत उठते. मला वाटलं आता म्हणतील काय हे, लोक पैसे देऊन हरळी वाढवतात. तसं काही नाही बोलले. गुडघ्यावर बसून तळहात फिरवत राहिले, म्हणाले, कुणीतरी फार जीव लावून राखलीय, लव्हाळ्याची एक काडी नाही मधे.

मग पुढचे आठ होल्स जे झाले ते सांगायलाच हे पत्र.

ट्रॉलीला वाळूची बाटली लटकवलेली असते. आमच्याकडे उत्तरेत तुकडा उचलून परत जागेवर बसवतात, तिकडे बर्म्युडात खळग्यात नुसती वाळू भरतात. सईने मला विचारलं असं का, मला नीट सांगता येईना, तर आण्णांनीच सांगितलं, हरळी कडेने धावते गं, आडवी, तिला टेकायला जागा मिळाली की पुरे, आठ-पंधरा दिवसांत भरून काढती. आणि बाटली त्यांनी जी हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. आमचे तर भरलेच, आधीच्या लोकांनी तसेच सोडलेले खळगे पण भरत चालले, वाळू टाकून पायाने हलकं दाबायचं, बियाणं टोकल्यावर दाबतो तसं. मध्येच दोन मोठे करडे पक्षी फेअरवे ओलांडून गेले, सारसासारखे, डोक्यावर लाल टिळा, मागे पिल्लू, सँडहिल क्रेन म्हणतात त्यांना, माणसाला अजिबात भीत नाहीत. आण्णांनी आम्हाला हाताने थांबवलं, ते जाईपर्यंत कुणी हललं नाही.

चौथ्या ग्रीनवर सईचा साधारण आठ फुटांचा पट, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायचा हलका फटका, होता. मी तिला म्हटलं सरळ मार. आण्णा ग्रीनच्या बाहेर उभे, म्हणाले, सरळ न्हाई जायचा, गवत त्या अंगाला निजलंय. मी म्हटलं कशावरून, तर हाताने बघायला वाकले, मी घाईने थांबवलं, ग्रीनवर हात घासून बघणं नियमात बसत नाही. म्हणाले बरं, मग नुसतं बघ, इकडून बघितलं तर चकाकतंय, पलीकडून काळपट दिसतंय. आणि होलची कड बघ, या बाजूची कापल्यासारखी आहे आणि त्या बाजूची वाळून फाटलीय, तिथली मुळं तुटलीत, म्हणजे गवत तिकडं धावत होतं. अरे, हे ज्याला ग्रेन म्हणतात ना, गवत निजण्याची दिशा, ते वाचायला लोक वर्षं घालवतात, मासिकांत लेख येतात, होलची फाटलेली कड बघा हा तर अगदी मुरलेल्या कॅडीचा, खेळाडूची बॅग वाहणाऱ्याचा, सल्ला, आणि आमचा म्हातारा पहिल्यांदा ग्रीन बघून सांगतोय. सईने होलच्या एक वीत उजवीकडे नेम धरला. बॉल निघाला, आधी चुकल्यासारखा वाटला, मग शेवटच्या दोन फुटांत वळला आणि आत.

ती ओरडली नाही. पटर, पट मारायची काठी, खाली ठेवला, आण्णांकडे गेली आणि म्हणाली, पुढच्या होलला पण सांगा. त्यानंतर मी बाजूला. नववा होईपर्यंत ती दोघं प्रत्येक ग्रीनभोवती चक्कर मारायची, चारी बाजूंनी वाकून बघायची, हळू आवाजात काहीतरी ठरवायची. आण्णांना इंग्रजी येत नाही, सईचं मराठी तुटक, आणि वर्षातून एकदा भेटणारी ती दोघं. परतताना लांबून मॅजिक किंगडमच्या वाफेच्या गाडीची शिट्टी ऐकू आली, पावणेनऊ वाजले होते. मेघा आणि चिन्या नाश्त्याला बसलेच होते. माझा स्कोअर ४४, तो मी घरी सांगितलाही नाही.

शुक्रवारी मी एकटा मॅग्नोलियावर गेलो, पहाटेच, मेघाने स्वतःहून सांगितलं जा म्हणून, त्या दिवशी सगळ्यांचा पोहण्याचा बेत होता. ते मैदान तू चुकवू नकोस. डिस्ने वर्ल्ड १९७१ च्या ऑक्टोबरात उघडलं तेव्हापासून पाम आणि मॅग्नोलिया दोन्ही आहेत, जो ली नावाच्या आर्किटेक्टचे, आणि त्याच डिसेंबरात तिथे पीजीए टूरची, म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंची, स्पर्धा झाली. जॅक निकलॉस ओळीने तीन वर्षं जिंकला, ७१, ७२, ७३. टायगर वूड्स १९९६ ला इथे जिंकला, प्रो होऊन दोन महिने पण झाले नव्हते, वय वीस, टूरवरचं त्याचं दुसरं विजेतेपद. त्या वेळी टेलर स्मिथ नावाचा खेळाडू त्याच्या बरोबरीला होता, पण पटरची ग्रिप नियमाप्रमाणे गोल नाही म्हणून बाद केला. १९९९ ला टायगर परत जिंकला. स्पर्धा २०१२ नंतर बंद झाली, मला त्याचं फार वाईट वाटतं, सर्वसामान्य माणूस पैसे भरून जिथे खेळू शकतो अशी टूरची मैदानं मुळात थोडी. सहाव्या होलवर मिकी माऊसच्या डोक्याच्या आकाराचा बंकर, वाळूचा खड्डा, आहे, दोन कानांसकट, फोटो काढ पण बॉल त्यात घालू नको, बाहेर काढणं अवघड आहे. आणि पाण्यात गेलेला बॉल आणायला कुठेही काठावर वाकायचं नाही, फ्लोरिडातल्या प्रत्येक तळ्यात मगर आहे असं समजूनच चाल. हे पोरांना आधी बजावून ठेव.

आता तुझं. डिसेंबरात विजांची भीती नाही पण उजाडतं सातनंतर आणि साडेपाचला अंधार, त्यामुळे अठरा होल्स खेळायचे तर दुपारचे बारा वाजणार हे धर. ते एकाच दिवशी ठेव, ज्या दिवशी पार्क नाही. लेक ब्युएना व्हिस्टा हा कोर्स डिस्ने स्प्रिंग्जच्या अगदी जवळ आहे, वहिनी आणि पोरं तिकडे हिंडतील, तू खेळ, सातव्यावर पाण्याच्या मधोमध ग्रीन आहे. ख्रिसमसच्या आठवड्यात गर्दी बेफाम असते, टी टाइम आत्ताच बघ. पुण्याहून आख्खी बॅग आणू नको, तिथे भाड्याने सेट चांगले मिळतात, बूट आणि हातमोजा आण, कॉलरचा टीशर्ट घाल, जीन्स नको. आम्हाला रिसॉर्टपासून कोर्सवर न्यायला-आणायला टॅक्सी वेगळे पैसे न घेता मिळाली होती, बुक करताना तू पण विचार. धाकट्याला मिनी गोल्फला ने, विंटर समरलँडला दोन कोर्स आहेत, एक वाळूतला एक बर्फातला, चिन्या तिथून निघायला तयार नव्हता. आणि थोरल्याला ओक ट्रेलवर नक्की घेऊन जा, सकाळी, पहिल्या वेळेला. काकांना व्हिसा मिळाला असेल तर त्यांना पण.

बेंटग्रासच्या ग्रीन्सची सवय मोडायला मला दोन दिवस लागले पण तुझा प्रश्न नाही, येरवड्याच्या कोर्सवर तू गरम हवेतल्या गवतावरच खेळतोस.

एक काम आहे तुझ्याकडे. आण्णा सप्टेंबरात गावी परत गेले. सईचा आणि त्यांचा दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो, मागच्या वेळी त्यांनी तिला विहिरीजवळचा एक तुकडा दाखवला, दहा पावलं लांब असेल, तिथली हरळी त्यांनी उपटलेली नाही, विळ्याने बारीक कापून ठेवलीय आणि मधोमध डबा पुरलाय. माझा जुना पटर तुझ्याकडेच आहे ना, काळ्या ग्रिपचा? पुढच्या वेळी साताऱ्याकडे जाशील तेव्हा तेवढा त्यांना पोचव, आणि दोन-चार बॉल. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझाच,
सुन्या