पहिल्या दोन सेकंदांत काय होतं ते बघ

नागपूर,
२७ मे

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी ताईकडे होतो, नीट बोलता आलं नाही. तुझा रडवेला आवाज मात्र अजून कानात आहे. नवा कोरा पीसी, पहिल्याच मोठ्या रेंडरला, म्हणजे मशीनकडून चित्र तयार करून घेताना, प्रोसेसर ९५ डिग्री, आणि दुकानदार म्हणतो उचलून आणा, बघू. थांब जरा. कुठेही उचलून नेऊ नकोस. गेल्या महिन्यात भाच्याच्या मशीनमागे मी चार रात्री जागलो, आणि त्यात जे हाती लागलं ते फोनवर सांगून होणार नाही म्हणून लिहायला बसलो.

भाचा आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, तुला माहीतच आहे. ताईने यंदाची भिशी उचलून त्याच्यासाठी मशीन घ्यायचं ठरवलं आणि जोडायचं काम माझ्याकडे आलं. इंटेलचा आय-सेव्हन १२७०० प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, आणि त्याला थंड ठेवणारा कूलर म्हणजे प्रोसेसरच्या डब्यात येतो तोच. रात्री अकराला पहिल्यांदा बटण दाबलं. स्क्रीन आली, सगळे खूश. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, प्रोसेसरचं तापमान ६४ दिसत होतं. बायोसमध्ये प्रोसेसर विंडोजसारखा आराम करत नाही, त्यामुळे आकडा थोडा चढाच असतो, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यावर समाधान मानून मी पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं. खोली ३४ डिग्रीची, काम काहीच नाही, आणि ३० डिग्रीचा फरक. एवढा चढ बायोसच्या खात्यावर टाकता येत नाही.

विंडोज टाकून सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण भार देणारी टेस्ट, चालवली तर १०० डिग्री. तापमान, वेग वगैरे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगसमोर, म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करतोय का यासमोर, लाल अक्षरांत ‘येस’. चार गिगाहर्ट्झच्या वर धावायला हवा तो प्रोसेसर तीनच्या खाली येऊन दम खात होता, आणि वीज घेत होता जेमतेम ६२ वॅट. त्या रात्री मी पंख्याचा वेग वाढवला, बायोस अपडेट केलं, विंडोज पुन्हा टाकलं. काडीचा फरक पडला नाही. ताई दाराशी येऊन दोनदा विचारून गेली, ‘होईल ना रे?’ तिला काय सांगू ते सुचेना.

दुसऱ्या रात्री कशालाही हात न लावता फक्त आकडे बघत बसलो. टेस्ट सुरू केली की आकडा ५६ वरून थेट ९८ वर. दीड-दोन सेकंदांत. बंद केली की तितक्याच झपाट्याने खाली. हे बघितलं आणि डोक्यात प्रकाश पडला. कूलरचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा असा क्षणात तापत नाही, गॅसवर ठेवलेल्या पातेल्यासारखा त्याला वेळ लागतो. आकडा एका झटक्यात शंभराला भिडतो, म्हणजे उष्णता त्या ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही, चिपच्या डोक्यावर अडून बसली आहे. प्रोसेसर आणि कूलर एकमेकांना नीट टेकलेले नाहीत. हाच आकडा आधी ७५ वर टेकला असता आणि मग दहा-पंधरा मिनिटांत रांगत रांगत ९० कडे गेला असता, तर मी कूलरला हातही लावला नसता, कॅबिनेटमधली हवा बघितली असती. शेवटचा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो, औषध निराळं. म्हणून म्हणतो, सगळ्यात आधी पहिली दोन सेकंदं बघ.

खात्रीसाठी मशीन बंद केली, पंखा थांबू दिला आणि कूलरच्या पट्ट्यांना बोट लावलं. क्षणापूर्वी शंभरावर असलेल्या प्रोसेसरच्या डोक्यावर त्या पट्ट्या नुसत्या कोमट होत्या.

मग मागचं झाकण काढून मदरबोर्डच्या पाठीमागून टॉर्च मारला. या कूलरला चार कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. पिन भोकातून पार झाली की तिचे दोन पाय फाकतात आणि मधली काडी त्यांना तसंच धरून ठेवते. तीन पिना अशा बसलेल्या होत्या. रॅमकडची चौथी भोकाच्या काठावरच वाकून अडकली होती. वरून बघताना चारही एकसारख्या दिसत, आणि दाबताना ‘टक’ आवाजही चारदा आला होता. कूलर काढून उलटा केला. बुडाला कारखान्यातून लावून आलेली उष्णता पुढे नेणारी पेस्ट एका कडेला इतकी दबलेली की खालचा धातू चमकत होता. समोरच्या कडेला ती तशीच जाड, कोरी, कडांसकट. तिथे प्रोसेसर तिला टेकलाच नव्हता.

एवढीशी फट, तिने काय होतं? उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमचा २३५ च्या आसपास, बऱ्या पेस्टचा चार ते आठ, आणि हवेचा ०.०२६. पेस्ट धातूच्या पासंगालाही पुरत नाही, तरी हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. तिचं काम दोन पृष्ठभागांतल्या बारीक खाचांमधली हवा हुसकून लावायचं, तेवढंच. जाड थर दिला तर तीच आडवी येते.

बर्डीच्या बाजारातून पेस्टची ट्यूब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली आणली. जुनी पेस्ट पूर्ण पुसली. एकदा उचकटलेल्या पेस्टवर कूलर पुन्हा बसवायचा नसतो, मधे हवा कोंडते. हा प्रोसेसर लांबट आहे, म्हणून मधोमध हरभऱ्याएवढी पेस्ट आणि चार कोपऱ्यांकडे मोहरीएवढे ठिपके. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवला, नाहीतर पिना दाबताना बोर्ड वाकतो आणि अंदाज चुकतो. समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या पिना जोडीने दाबल्या, आणि या वेळी प्रत्येक पिन मागून डोळ्यांनी बघितली. बायोस ४९. मी ताईला झोपेतून उठवून दाखवलं.

अर्थात सगळं तिथे संपलं नाही. पूर्ण भार दिला की आकडा आता सावकाश चढायचा, पण ९७ पर्यंत जायचाच. फरक हा की वीज ११५ वॅटपर्यंत गेली होती. कागदावर हा ६५ वॅटचा प्रोसेसर, पण टर्बोची, म्हणजे जास्त वेगाने धावतानाची, कमाल मर्यादा १८० वॅट, आणि कित्येक मदरबोर्ड तीही उठवून टाकतात. भाच्याच्या बोर्डाने पहिल्यांदा चालू करताना कूलर कोणता ते विचारलं होतं आणि त्याने घाईत वॉटर कूलर निवडला होता. बायोसमध्ये बघितलं तर मर्यादेच्या जागी चार हजारांच्या वरचा आकडा, म्हणजे मर्यादा नसल्यासारखीच. मी थोड्या वेळाची आणि सततची, अशा दोन्ही मर्यादा ९० वॅटवर आणल्या. तापमान ८४ वर टेकलं, तासाभराच्या रेंडरला सहा-सात मिनिटं जास्त लागू लागली. नंतर चार हीट पाइपांचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर घेतला, स्क्रूने आवळायचा, आणि मर्यादा १२५ वॅट केली. आता ८१.

त्यातही एक गंमत निघाली. अर्धा तास रेंडर चालला की हे ८१ चे ९० व्हायचे. चढ सावकाश, म्हणजे आता हवा. बाजूचं झाकण काढलं तर सात डिग्री उतरले. देवघरातली उदबत्ती आणली आणि कॅबिनेटच्या तोंडाशी धरली. मशीन टेबलाच्या कप्प्यात, मागे फळी. मागच्या पंख्यातून निघालेली गरम हवा फळीवर आपटून बाजूने वळून पुन्हा पुढच्या तोंडात शिरत होती. धूर उलटा आत ओढला जाताना स्पष्ट दिसला. मशीन कप्प्यातून काढून पाटावर ठेवलं, भिंतीपासून वीतभर लांब. काम झालं. तुझ्याकडे पंख्यांची दिशा बघायची असेल तर ज्या बाजूला प्लॅस्टिकच्या आडव्या दांड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते.

आता तुझं. तुझा प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ७६००एक्स, त्याची गोष्ट वेगळी आहे. एएमडीने २०२२ साली ही ७००० मालिका काढली तेव्हाच सांगितलं होतं की पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाणं हे या चिपच्या रचनेतच आहे. कूलरने जेवढी सवलत दिली तेवढी ती वेगासाठी वापरून टाकते. तेव्हा नुसता ९५ बघून मी तुझ्या मशीनला आजारी म्हणणार नाही. त्या वेळी वेग किती आहे ते बघ. सगळे कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) पाच गिगाहर्ट्झच्या आसपास धावत असतील तर मशीन ठणठणीत आहे. ४.७ हा त्याचा बेस वेग. त्याच्याही खाली घसरत असेल, तर कूलर काढून बूड तपास. पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद तसाच राहिला असेल तर आधी तो सोल. नव्या जोडणीत हे फार वेळा होतं, अनुभवी माणसाकडूनही. स्क्रू आवळताना एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नकोस, समोरासमोरचे थोडे थोडे.

काहीच दोष निघाला नाही आणि ९५ डोळ्यांना खुपतच असेल, तर बायोसमध्ये इको मोडचा ६५ वॅटचा पर्याय निवड. नाव ६५ चं असलं तरी प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत जाणारा प्रोसेसर ८८ वॅटवर थांबतो, तापमान भरपूर उतरतं आणि तुझ्या कामात फारसा फरक कळणारही नाही.

अजून एक. आकडा कळवशील तेव्हा खोलीचं तापमानही कळव. लोक ७० डिग्रीचे फोटो दाखवतात तेव्हा त्यांची खोली २० ची असते. इथे नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय, बाहेर पारा ४५. परवा दुपारी खिडकीतल्या कूलरचं पाणी संपलं, खोली ३४ ची ४० झाली आणि भाच्याचा प्रोसेसर ८१ वरून ८७ वर गेला. तेवढेच सहा. मशीन बिघडलं असं वाटून तो घाबरला. मी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. पण तू खिडकीतला कूलर घेतलास तर त्याचा झोत थेट मशीनवर सोडू नकोस, ओल आणि बारीक तुषार आत जातात.

आज संध्याकाळी मशीन थंड असताना सिनेबेंच लाव आणि एचडब्ल्यूइन्फोच्या स्क्रीनचा पहिल्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठव. तापमान, वेग आणि वॅट, तिन्ही दिसू देत. भाच्याचं सबमिशन गुरुवारी आहे, तोवर मी रोज ताईकडेच असतो. रात्री दहानंतर फोन कर, दोघं मिळून बघू. तोपर्यंत काम बंद ठेवू नकोस. ९५ ला पोचला की तो स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच