स्क्रॅबल म्हणजे इंग्रजीचा पेपर नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्नेहसंमेलनाच्या दिवसांत काही शाळा आता स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाच्या, स्पर्धाही घेतात. हेतू चांगलाच असतो. पण डाव बहुधा घरगुती नियमांनी मांडला जातो आणि मुले निवडताना इंग्रजीत कोणाला किती मार्क पडले ते पाहिले जाते. त्यामुळे पुढे राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय युवा स्पर्धेत बसणारे मूल पहिल्याच दिवशी गांगरते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अठरा वर्षांखालच्यांची पहिली जागतिक स्पर्धा २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगला झाली. ती जिंकणारा डेव्हिड एल्डार २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये मोठ्यांचाही जगज्जेता झाला. पुढे ही स्पर्धा मलेशिया, फिलिपिन्स, दुबई अशी फिरत राहिली. थायलंड, मलेशिया, श्रीलंका आणि पाकिस्तानची मुले तिथे सातत्याने वर असतात. यांपैकी कोणत्याच देशात इंग्रजी ही बहुतेकांची घरातली भाषा नाही, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. थायलंडचा पानुपोल सुज्जयाकोर्न २००३ मध्ये, विशीही गाठण्याआधी, मोठ्यांचा जगज्जेता झाला. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने तर २०१५ मध्ये फ्रेंच आणि २०२४ मध्ये स्पॅनिश भाषेतले जगज्जेतेपद मिळवले, आणि या दोन्ही भाषा त्याला बोलता येत नाहीत. शब्द मान्य आहे की नाही, एवढेच पंचांचा संगणक सांगतो. अर्थ कोणी विचारत नाही. शब्दांच्या प्रेमात पडलेल्या शिक्षकांना हे रुचत नाही, पण खेळ असाच आहे.

मान्य शब्द म्हणजे कॉलिन्स या ब्रिटिश शब्दकोशवाल्यांच्या यादीतले, सुमारे दोन लाख ऐंशी हजार. इथे पहिली चूक होते. मोबाइलवरची बरीच अॅप्स अमेरिकन यादीवर चालतात. त्या यादीत दोन अक्षरी शब्द १०७ आहेत, कॉलिन्समध्ये १२७. हे वीस शब्द न शिकलेले मूल प्रत्येक डावात कुठे ना कुठे गुण सोडते, कारण नवा शब्द जुन्याला समांतर, अगदी चिकटवून ठेवायचा तर सगळी मदार या दोन अक्षरी जोड्यांवर असते. सरावाला ‘झिझिव्हा’ हा मोफत प्रोग्राम घ्यावा आणि कॉलिन्सचीच यादी निवडावी. खेळून झालेला डाव तपासायला ‘क्वॅकल’ आहे, तोही मोफत.

आपल्या मुलांकडे थोडे आयते भांडवलही आहे. तालुका, लाठी, धरणे, बंद, घेराव, स्वराज, लाख, चपाती हे सगळे कॉलिन्समध्ये आहेत, अर्थात त्यांच्या स्पेलिंगने. आपली डाळ तर तिथे एकाहून अधिक स्पेलिंगांनी शिजते. मात्र रूपे पाठ हवीत: घेराव हे तिथे क्रियापदही आहे, त्यामुळे त्याला ई-डी आणि आय-एन-जी लागतात, बंदला फक्त एस लागतो.

पाठांतर कशाचे करायचे याला क्रम आहे. आधी दोन अक्षरी १२७. मग तीन अक्षरी, पण दोन अक्षरींना पुढे-मागे काय जोडता येते त्या अंगाने. त्यानंतर क्यू, झेड, जे आणि एक्सचे छोटे शब्द. शंभर टाइल्समध्ये क्यू एकच आणि यू चारच असतात. यूची वाट बघत क्यू पट्टीवर (आपल्या सात टाइल्स ठेवायच्या जागी) धरून ठेवणे हा नवख्यांचा ठरलेला रोग. क्यू-आय हा चिनी प्राणशक्तीसाठीचा शब्द मान्य आहे, त्यामुळे आय मिळाला की क्यू मार्गी लावता येतो. शेवटी तो हातात राहिला तर त्याच्या दहाचे दुप्पट, म्हणजे वीस गुण समोरच्याला जातात.

सर्वांत मोठा फरक बिंगोने पडतो. सातही टाइल्स एका खेळीत लावल्या की पन्नास गुण जास्तीचे. इथे शब्दसंपत्तीपेक्षा अक्षरे कोणती राखली ते मोलाचे. एस, ए, टी, आय, एन, ई ही सहा अक्षरे हाती असतील तर सातव्या जागी जवळपास कोणतेही अक्षर आले तरी शब्द होतो: जी आल्यास सीटिंग, व्ही आल्यास नेटिव्ह्ज, यू आल्यास आंटीज. असे गट कागदाच्या चिठ्ठ्यांवर अक्षरे वर्णक्रमाने लिहून शिकवावेत आणि उत्तर मागे लिहावे. शब्द वाचून पाठ केलेले मूल विस्कटलेली अक्षरे पाहून तोच शब्द ओळखत नाही, असे हमखास होते. एस चारच आहेत, कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइल दोनच. चार-पाच गुणांच्या मोहाने एस टाकणाऱ्या मुलाला तिथेच थांबवावे.

आता नियम, कारण खरी पडझड इथे होते. समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर त्यावर आक्षेप घेणे म्हणजे चॅलेंज. घरी ‘चुकीचे चॅलेंज केले की पाळी गेली’ असे खेळतात. ती उत्तर अमेरिकी पद्धत आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चुकीच्या चॅलेंजला साधारणपणे प्रत्येक शब्दामागे पाचच गुण दंड असतो. हिशेब सोपा आहे: समोरच्याची खेळी तीस गुणांची असेल तर सातांत एकदा जरी ती खोटी निघण्याची शक्यता वाटली तरी चॅलेंज परवडते. पाळी जाण्याच्या धाकात वाढलेली मुले गप्प बसतात आणि बनावट शब्द पचू देतात.

घड्याळ बुद्धिबळाचेच, प्रत्येकाला पूर्ण डावासाठी २५ मिनिटे. पुढच्या दर मिनिटाला दहा गुण कापले जातात. एकेकाच्या वाट्याला साधारण बारा-चौदा खेळ्या येतात, म्हणजे खेळीला जेमतेम दोन मिनिटे. टाइल्स ठेवायच्या, गुण मोठ्याने सांगायचे, घड्याळ दाबायचे, एकूण बेरीज लिहायची आणि मगच पिशवीत हात घालायचा, हा क्रम अंगवळणी पडायला हवा. कोरी टाइल कोणत्या अक्षरासाठी वापरली ते कागदावर लिहून दाखवायचे असते. पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरायची, नजर दुसरीकडे, हात आत जाण्याआधी तळवा उघडा. घरच्या संचातल्या कोरलेल्या अक्षरांच्या टाइल्स बोटांना ओळखू येतात, म्हणून स्पर्धेत गुळगुळीत छपाईच्या वापरतात. शाळेने निदान अंतिम फेरीसाठी तसा एक संच घ्यावा.

प्रत्येकाकडे शंभर अक्षरांचा तक्ता असतो आणि पटावर आलेले अक्षर त्यावर खोडायचे असते. पिशवी रिकामी झाली की समोरच्याच्या पट्टीवर नेमके काय आहे ते कळते. चुरशीचे डाव इथेच फिरतात. तक्ता अर्धवट भरणे म्हणजे न भरण्यासारखेच. त्यातून क्रमवारी आधी विजयांवर आणि मग गुणफरकावर लागते, म्हणून दोनशेने मागे पडलेला डाव एकशे वीसवर आणण्यालाही किंमत आहे. दिवसाला आठ-आठ डाव असतात. सहाव्या डावात मान टाकून खेळलेल्या शेवटच्या पाच खेळ्या तिसऱ्या दिवशी क्रमवारीत दिसतात.

शाळांसाठी सर्वांत सोयीची पद्धत मात्र आपल्याकडे फारशी कोणी वापरत नाही. ती फ्रेंच भाषकांची ‘डुप्लिकेट’ पद्धत. बेल्जियमच्या इपोलिट वूटर्स यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती रूढ केली, आणि फ्रेंच युवा खेळाडू याच पद्धतीने लहानपणापासून घडतात. एक शिक्षक सात अक्षरे काढून जाहीर करतो. सगळी मुले आपापल्या पटावर तीच अक्षरे मांडतात आणि तीन मिनिटांत आपली सर्वोत्तम खेळी जागेच्या क्रमांकासह चिठ्ठीवर लिहून देतात. ज्याच्या त्याच्या खेळीचे गुण त्याला मिळतात, पण पटावर सर्वांनी ठेवायची ती सर्वाधिक गुणांचीच खेळी. पहिल्या पंधरा खेळ्यांत काढलेल्या अक्षरांत किमान दोन स्वर आणि दोन व्यंजने नसतील तर ती परत टाकून नवी काढतात. चाळीस मुलांना अक्षरे सांगायला एकच माणूस पुरतो, नशिबाचा भाग उरत नाही आणि ‘मला वाईट अक्षरे आली’ ही सबब संपते. चिठ्ठीवर जागेचा क्रमांक चुकला तर गुण शून्य, एवढे आधी बजावून सांगावे. सुरुवातीला सर्वाधिक चुका तिथेच होतात.

फक्त या पद्धतीवर संघ निवडू नये. तिच्यात बचाव नाही, चॅलेंज नाही, शेवटच्या सात अक्षरांची लढत नाही. डुप्लिकेटच्या दोन फेऱ्यांतून सोळा मुले काढावीत आणि त्यांना एका शनिवारी घड्याळ लावून समोरासमोर सहा डाव खेळवावेत. प्रत्येक डावाच्या निकालपत्रावर दोघांची सही घ्यावी. बेरजेची भांडणे सही झाल्यावर ऐकायची नाहीत, हा नियम पालकांनाही आधीच कळवलेला बरा.

आपला,
स्पर्धांत पंच म्हणून काम करणारा एक वाचक, पुणे